भासऱ्यांचा देवदार, परसातली रानमांजर

माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, प्राचार्य म्हणून निवृत्त झाले. पण आपण निवृत्त झालो ही गोष्ट त्यांना कुणी नीट समजावून सांगितली नसावी. कॉलेज सुटलं, केबिन सुटली, शिपाई सुटला, भाषण काही सुटलं नाही. दूधवाल्याशी बोलतानाही ते "या ठिकाणी" म्हणतात. भाजीत मीठ जास्त झालं तर "मी या निमित्ताने एवढंच नमूद करू इच्छितो" असं सुरू होतं. नमूद होईपर्यंत जाऊबाई भाजीत बटाटा टाकून मोकळ्या झालेल्या असतात.

आमची दोन घरं कारंजा गावाच्या कडेला, एकमेकांना लागून. पुढे हायवे जवळ, म्हणून दिवसभर ट्रकांचे हॉर्न. मागे दोन्ही घरांचं मिळून एक मोठं परसदार, आणि कुंपणापलीकडे आमचं वावर. पुढचं अंगण भासऱ्यांचं. तिथे खुर्च्या, पाहुणे आणि चर्चा. मागचं आम्हा दोघी जावांचं. तिथे धुणं, वाळवण, सरपण आणि खरी चर्चा. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती, पण पाळली जात होती.

मग देवदार आला.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी भासरे निवृत्त मित्रांच्या टोळीबरोबर हिमाचलला गेले. जाऊबाईंनाही नेलं, कारण बाकीच्यांच्या बायका येणार होत्या. परत आले तेव्हा ऑटोतून आधी भासरे उतरले, मग बॅगा उतरल्या, आणि शेवटी जाऊबाई. त्यांच्या कडेवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कुंडी होती आणि कुंडीतून गुडघाभर उंचीचं एक निळसर हिरवं झाड मान वाकडी करून पाहत होतं.

"हे काय आणलं बाई?" मी विचारलं.

"देव," जाऊबाई म्हणाल्या. "धर जरा. हात आखडून गेले माहे."

गाडीत कुंडी खाली ठेवली तर लोकांचे पाय लागत होते, वरच्या बाकावर ठेवली तर पंख्याची गरम हवा लागत होती. म्हणून दिल्लीपासून नागपूरपर्यंत तो देव जाऊबाईंच्या मांडीवर बसून आला. मी विचारलं, डोंगर कसे होते? त्या म्हणाल्या, "जातानी चांगले होते. येतानी झाडाच्या आडून दिसले तेवढे."

भासऱ्यांनी त्याच संध्याकाळी घोषणा केली की देवदार मागच्या परसात लावायचा, कारण पुढे ट्रकांचा धूर आहे. परसातली चांगली, काळ्या मातीची, दुपारनंतर सावली येणारी जागा एकच होती, आणि तिथे माझा कढीपत्ता होता. मी म्हटलं, तिथे कढीपत्ता आहे. भासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत, धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायची त्यांच्या काळी रीत नव्हती. ते माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "यांना सांग, कढीपत्ता कुठेही येतो. देवदार कुठेही येत नाही."

हे अगदी खरं होतं. देवदार कुठेही येत नाही, म्हणूनच तो आजवर वर्धा जिल्ह्यात आला नव्हता. पण हे त्यांना कोण सांगणार? माझा नवरा खतबियाण्यांचं दुकान चालवतो. दिवसभर दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला देणारा हा माणूस मोठ्या भावापुढे उभा राहिला की मुका होतो. त्याने मुकाट्याने कुदळ आणली.

कढीपत्ता गेला. देवदार लागला. भोवती विटांचं आळं झालं, त्याला गेरू लागला, आणि पुढच्या आठवड्यात वर्ध्याहून रंगवून आणलेली पाटी आली: 'देवदार. देवांचा वृक्ष. कृपया स्पर्श करू नये.' त्या परसात मी, जाऊबाई आणि धुणंभांडी करायला येणारी बाई, एवढीच माणसं यायची. तेव्हा ती पाटी कुणासाठी होती ते उघड होतं.

हिवाळाभर झाडाने भासऱ्यांची लाज राखली. आमच्याकडे पौषात चांगली थंडी पडते. सकाळी पानांच्या सुयांवर दव चमकायचं आणि भासरे शाल पांघरून, हात मागे बांधून झाडासमोर उभे राहायचे. शेंड्याला कोवळी पालवी फुटली त्या दिवशी त्यांनी गावभर फोन केले. लोक पाहायला येऊ लागले. पुढच्या अंगणातले पाहुणे आता आमच्या वाळत घातलेल्या लुगड्यांखालून वाकून मागे यायचे, आणि जाऊबाई चहाचे कप घेऊन त्यांच्या मागे. एकदा त्यांचे एक जुने सहकारी आले. त्यांनी झाड सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि कौतुकाने विचारलं, "सर, हेच ना ते नाताळचं झाड? आमच्या नातवाकडे प्लास्टिकचं आहे, अगदी हुबेहूब." त्या सहकाऱ्यांना नंतर कधी चहा मिळाला नाही.

फाल्गुनाच्या सुमारास दुसरी पाहुणी आली. तिला कुणी आणलं नव्हतं.

कापूस निघाला की आम्ही वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून परसाच्या कोपऱ्यात रचून ठेवतो. वर्षभर पाणी तापवायला होते. एका दुपारी मी सरपण काढायला गेले तर ढिगाच्या आतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. मी जागच्या जागी थांबले. मग कानांची टोकं दिसली, त्यांवर काळ्या केसांचा बारीकसा झुपका. अंग वाळल्या गवताच्या रंगाचं, पाय घरच्या मांजरीपेक्षा चांगले लांब, शेपूट मात्र आखूड आणि टोकाकडे काळ्या कड्यांची. रानमांजर. आमच्या वावरात या पहिल्यापासून आहेत. हरभरा निघताना, धुऱ्यावरच्या गवतातून जाताना ओझरती दिसते. पण एवढ्या जवळून मी कधी पाहिली नव्हती. ती पळाली नाही. फुसकन एकदा आवाज केला, म्हणजे 'दुसरीकडून काढ सरपण.' मी दुसरीकडून काढलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आठ-दहा दिवसांनी जाऊबाईंबरोबर वाल सोलत बसले होते. त्या हळूच म्हणाल्या, "आजकाल कोठीत उंदीर नाई दिसून राह्यले, नाई वं?"

"नाई दिसत."

"पऱ्हाटीतली पाह्यली तू?"

"तुमाले कधी दिसली?"

"तुह्या आधी," त्या म्हणाल्या आणि पदराआड हसल्या. "पोटुशी हाय थे. सांगू नको कोणाले. लगेच भाषण होईन."

सांगावं लागलंच नाही. एका सकाळी भासरे नेहमीप्रमाणे शाल पांघरून देवदाराच्या दर्शनाला गेले, आणि देवदाराच्या आळ्यात, ओल्या गार मातीवर, ती बसून पंजा चाटत होती. तिने मान वळवून भासऱ्यांकडे पाहिलं.

माझ्या लग्नापासून मी भासऱ्यांच्या तोंडून पुस्तकी मराठीशिवाय एक शब्द ऐकला नव्हता. कारंज्यात जन्मलेला, वावरात वाढलेला हा माणूस स्वप्नातसुद्धा 'आहे'ला 'हाय' म्हणत नसेल अशी माझी खात्री होती. त्या सकाळी परसातून आरोळी आली, "अवो, धावा वो! वाघ हाय वो! मले खाते थो!"

आम्ही धावलो. भासरे पाण्याच्या टाकीवर चढलेले होते. शाल खाली पडली होती. मांजर केव्हाच पऱ्हाटीत गेली होती.

आमच्याकडून बोर अभयारण्याचं जंगल फार लांब नाही, वाघाची बातमी अधूनमधून खरीही असते. त्यामुळे लोकांनी थट्टा केली नाही, काठ्या आणल्या. अर्ध्या तासात परसात निम्मा मोहल्ला जमला. मोबाइलवर 'कारंज्यात वाघ' असा निरोप गेला, तो नागपूरच्या माझ्या बहिणीकडून 'प्राचार्यांवर वाघाचा हल्ला' होऊन माझ्याकडे परत आला. कुणी म्हणालं ढीग पेटवा. तेव्हा जाऊबाई ढिगासमोर जाऊन उभ्या राहिल्या. नुसत्या सुपात तांदूळ घेऊन निवडत उभ्या राहिल्या. तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या मागचा ढीग पेटवायची कुणाला हिंमत झाली नाही.

आणि माझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या भावासमोर बोलला. "दादा, रानमांजर हाय थे. आपल्या वावरात नोयती का? लहानपणी तूच तर तिचं पिल्लू धरून आणलं होतं, अन् मायनं तुले हाणलं होतं."

लोक हसले. काठ्या खाली आल्या. वाघ निघाला असता तर भासऱ्यांनी त्याला माफ केलं असतं, कारण वाघाला भिण्यात कमीपणा नाही. मांजरीला भ्यायलो हे मात्र त्यांच्याने सोसवेना. ते टाकीवरून उतरले, शाल झटकली आणि पुन्हा शुद्ध भाषेत आले. "वाघ असो वा मार्जार," ते म्हणाले, "हा उपद्रव या ठिकाणाहून दूर झाला पाहिजे."

त्या दिवसापासून परसात युद्ध सुरू झालं. भासऱ्यांनी फटाके लावले. डांबरगोळ्या टाकल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून ढिगाभोवती मिरचीचा धूर केला, तो वाऱ्याने आमच्याच स्वयंपाकघरात आला आणि दोन्ही घरं दिवसभर शिंकली. मांजर तिथेच राहिली.

त्याच दिवसांत गावातल्या शाळेत वनदिनाचा कार्यक्रम होता आणि भासरे प्रमुख पाहुणे होते. आम्ही दोघी जावा मागच्या सतरंजीवर बसलो होतो. भासऱ्यांनी सुरुवात हिमालयापासून केली, म्हणजे खाली यायला वेळ लागणार हे कळलं. पण अर्ध्यातच ते आमच्या परसात उतरले.

"विद्यार्थी मित्रांनो," ते म्हणाले, "माझ्या अंगणात आज दोन जीव आहेत. एक देवदार, एक रानमांजर. देवदार ऊर्ध्वगामी, तो आकाशाकडे पाहतो. मांजर अधोगामी, ती पोट जमिनीला लावून चालते. देवदार शेकडो वर्षं एका जागी निष्ठेने उभा राहतो. मांजरीला एक क्षण स्थैर्य नाही. देवदार सावली देतो. मांजर काय देते? देवदार ही संस्कृती आहे, मांजर ही विकृती आहे. तेव्हा सांगा, तुम्हाला काय व्हायचं आहे? देवदार, की रानमांजर?"

सगळी शाळा एका सुरात ओरडली, "रानमांजर!"

मुख्याध्यापिकाबाईंनी घाईघाईने आभार मानले. जाऊबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि भासऱ्यांनी व्यासपीठावरून पाहिलं.

मग चैत्र सरला आणि ऊन तापलं. आमच्याकडचं ऊन ज्यांनी भोगलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. दुपारी नळाला हात लावला तर भाजतो, आणि डांबर चपलेला चिकटतं. देवदार शेंड्याकडून मलूल दिसायला लागला. भासऱ्यांनी आधी त्याच्यावर चहूबाजूंनी हिरवी जाळी बांधून घेतली, खोलीएवढी. मग हायवेवरच्या धाब्यावरून रोज बर्फ यायला लागला. बर्फ फोडून आळ्यात पसरायचा, वर गोणपाट झाकायचं. घरात पाहुण्यांना सरबत कोमट मिळायचं आणि परसात झाडाचे पाय बर्फात.

त्यानेही भागेना, तेव्हा एका दुपारी दोन माणसं आली आणि भासऱ्यांच्या झोपायच्या खोलीतला मोठा लोखंडी कूलर खिडकीतून उतरवून परसात घेऊन गेली. वायर ओढली, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकीत पाणी भरलं आणि कूलर देवदाराकडे तोंड करून सुरू झाला. भासरे स्वतः पुढच्या खोलीत झोपत. तिथे त्यांच्या अभ्यासासाठी एसी होता. झोपायच्या खोलीत जाऊबाई झोपत.

मी नवऱ्याला म्हटलं, बोला काही. तो म्हणाला, एकदा बोललो ना.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाऊबाई स्वयंपाकघरात भोवळ येऊन बसल्या. अंग नुसतं तापलेलं. मी कैरीचं पन्हं पाजलं, ओल्या फडक्याने हातपाय पुसले. भासरे दारात आले. मी रीत बाजूला ठेवली आणि थेट त्यांनाच म्हटलं, "भाऊजी, कूलर घरात आणा. बाईंले ऊन लागलं."

भासरे छताकडे पाहून म्हणाले, "माणसाला त्रास झाला तर माणूस सांगू शकतो. झाडाला वाचा नाही."

जाऊबाईंनी डोळे उघडले. सगळं आयुष्य नवऱ्यापुढे न बोलता काढलेल्या त्या बाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता बोलतील. त्यांनी डोळे परत मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बाज उचलली, उशी उचलली, आणि देवदाराच्या जाळीत जाऊन कूलरसमोर आडव्या झाल्या. झाड आणि कूलर यांच्या बरोबर मध्ये.

तिथे त्या एकट्या नव्हत्या. भासऱ्यांनी त्याच आठवड्यात पऱ्हाटीचा ढीग उचलून वावराच्या पलीकडच्या टोकाला टाकायला लावला होता, उपद्रव जावा म्हणून. मांजर तोवर व्यायली होती. ढीग हलायच्या आदल्या संध्याकाळीच तिने पिल्लं मानेला धरून एकेक करून हलवली. सगळ्या कारंज्यात त्या वेळी बर्फ, सावली, ओलावा आणि गार वारा एकाच जागी होता. आळ्याच्या मागे, गोणपाटाखाली, तिने घर केलं. जाऊबाईंना ते माहीत होतं. बाज त्यांनी पुरेसं अंतर ठेवून टाकली होती.

दुपारी भासरे बर्फाची बादली घेऊन आले. जाळीचं दार उघडलं आणि पाऊल आत टाकलं, तोच गोणपाटाखालून आवाज आला. घरच्या मांजरीचा नव्हे, पोटातून येणारा, जाड. भासरे बादलीसकट बाहेर.

"ती तिथे आहे!" ते म्हणाले.

"हाय न," जाऊबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "पोरं झोपले तिचे. हळू बोला."

"तू बाहेर ये आधी!"

"काऊन? मले काई नाई करत थे. मी काय टाकीवर चढून राह्यली?"

"अगं, बर्फ वितळतो आहे!"

"मंग या न आत. ठेवा."

भासऱ्यांनी पुन्हा पाऊल उचललं. पुन्हा तो आवाज. मी माझ्या मागच्या दारातून हे सगळं बघत होते आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होते. रणरणत्या उन्हात, डोक्याला पंचा बांधून, बर्फाची बादली धरून उभे असलेले आमचे प्राचार्य. जाळीच्या आत गार वाऱ्यात बाजेवर पाय पसरून पडलेली त्यांची बायको. आणि गोणपाटाच्या कडेने दिसणारे काळ्या झुपक्यांचे दोन कान. शेवटी भासऱ्यांनी बादली खाली ठेवली आणि म्हणाले, "जरा घेतेस का? झाडाला घाल." जाऊबाईंनी सावकाश उठून बादली घेतली, मूठभर बर्फ झाडाला घातला, एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि उरलेली बादली बाजेखाली सरकवली.

पुढे महिनाभर हाच नेम. भासरे दाराशी बर्फ आणायचे आणि आतल्या कारभारावर त्यांचा काही अधिकार नसायचा. मी कधीमधी माझी खुर्ची नेऊन बसायचे. पिल्लं आधी आंधळी, मग डोळे उघडलेली, मग एकमेकांचे कान चावणारी. त्यांच्या अंगावर फिकट पट्टे होते, आईच्या अंगावर नव्हते. एकदा एक पिल्लू 'स्पर्श करू नये'च्या पाटीवर पुढचे पाय टेकून नखं घासत होतं, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "पाह्य, वाचता येत नाई बिचाऱ्याले."

देवदार मात्र गेला. शेंडा तांबूस झाला, मग फांद्या, मग हात लावला की सुया झडायला लागल्या. बर्फाने मुळं कुजली असं माझ्या नवऱ्याचं मत, ते त्याने मला एकटीला सांगितलं. भासरे म्हणाले, ही पानगळ आहे. मी विचारलं, देवदार तर बारमाही हिरवा असतो ना? तुम्हीच भाषणात म्हणाला होता. त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "यांना सांग, प्रत्येक नियमाला अपवाद असतो." पुढे अपवादही पुरेना, तेव्हा त्यांनी कारण शोधलं: मांजरीचं मूत. ती आल्यापासूनच झाडाला उतरती कळा लागली, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. हिमालयातलं झाड विदर्भाच्या वैशाखात वाळलं यात त्यांना आश्चर्य नव्हतं. त्यांना गुन्हेगार हवा होता.

मी काढलेला तो व्हिडिओ मी फक्त घरच्यांच्या ग्रुपवर टाकला होता. घरच्यांनी तो घरात ठेवला नाही. फिरत फिरत तो नागपूरच्या एका डॉक्टरांकडे पोचला. त्यांना वन्यप्राण्यांचे फोटो काढायचा नाद होता. ते एका पहाटे गाडी घेऊन दारात हजर. एवढा मोठा डॉक्टर आपल्याकडे आला म्हणून भासऱ्यांनी नवा सदरा घातला आणि त्यांना थेट देवदाराकडे नेलं. आता त्याच्याबद्दल ते 'माझा शहीद वृक्ष' असं बोलत. डॉक्टर मातीत पालथे पडले, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, हे वाळकं मध्ये येतंय. जरा काढता येईल का?"

भासऱ्यांचा चेहरा मी विसरणार नाही. मग जाऊबाई पुढे झाल्या आणि देवदार मुळापासून धरून एका हाताने उपटला. काहीच जोर लागला नाही. कुंपणाला टेकवून ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या, काढा फोटू."

फोटो छान आले. निघताना डॉक्टरांनी भासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "सर, लोक हिला मारतात, हाकलतात. तुम्ही तिच्यासाठी सावली केली, बर्फ, कूलरसुद्धा लावला! असा माणूस मी पाहिला नाही." माझ्या नवऱ्याला खोकला आला. जाऊबाई घरात गेल्या. भासऱ्यांनी मात्र छाती भरून घेतली आणि म्हणाले, "कर्तव्य, डॉक्टरसाहेब. दुसरं काही नाही."

आठवड्याभरात वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर फोटो आला, मांजरीचा छोटा आणि भासऱ्यांचा मोठा. मांजर तोवर पिल्लं घेऊन वावरात निघून गेली होती. ती गेली त्या दिवशी जाऊबाई बाजेवर बसून बराच वेळ रिकाम्या गोणपाटाकडे पाहत राहिल्या. मग माणसं बोलावली आणि कूलर आपल्या खोलीच्या खिडकीत परत बसवून घेतला. भासऱ्यांना विचारलं नाही.

आषाढात शाळेने झाडं लावायचा कार्यक्रम ठेवला आणि 'वन्यजीवप्रेमी' म्हणून भासऱ्यांना बोलावलं. आम्ही दोघी पुन्हा मागच्या सतरंजीवर.

"विद्यार्थी मित्रांनो," भासरे म्हणाले, "देवदार आणि रानमांजर! देवदार म्हणजे जडत्व. एका जागी उभा, परक्या हवेत कोमेजणारा. रानमांजर म्हणजे चैतन्य. ती या मातीची आहे, कुणाकडे काही मागत नाही. घरातल्या लोकांचा विरोध होता. माझी पत्नी तर प्रारंभी फार घाबरली. मी तिला समजावलं, अगं भिऊ नकोस, तीही एक आई आहे. आता सांगा, तुम्हाला काय व्हायचं आहे? देवदार, की रानमांजर?"

मागच्या वेळी फजिती झाली म्हणून शिक्षकांनी या खेपेला पोरांकडून उत्तर नीट घोटून घेतलं होतं. सगळी शाळा छाती पुढे काढून ओरडली, "देवदार!"

मी हसून जाऊबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. "फार घाबरली" या शब्दांपाशीच त्या थांबल्या होत्या. सतरंजीवरून उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, "तुही गाडी कुठी हाय? मले घरी सोड. अन् मंग स्टँडवर."

"स्टँडवर काऊन?"

"पवनारले जातो. बहिणीकडे. नदीवर बसीन चार दिवस."

"भाऊजींले सांगितलं?"

"मी कशाले सांगू? थे समजावतीन स्वतःले."

त्यांनी एका पिशवीत दोन लुगडी भरली, फणी घेतली, चष्मा घेतला. मी स्कूटीवर त्यांना स्टँडवर नेलं. लग्नानंतर त्या एकट्या कधी एसटीत चढल्या नव्हत्या, पण चढताना त्यांनी मागे पाहिलं नाही. खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा त्या पुढच्या बाकावरच्या बाईशी बोलायलाही लागल्या होत्या.

संध्याकाळी माझ्या मागच्या दारावर टकटक झाली. भासरे होते. गळ्यात शाळेतला हार तसाच, हातात रिकामी कढई. त्यांनी नवऱ्याला हाक मारायला मान वळवली, पण तो दुकानातून आला नव्हता. मग माझ्या डावीकडच्या भिंतीकडे पाहत त्यांनी विचारलं, "पिठलं करायचं असल्यास सुरुवात कशापासून करावी लागते?"

मी म्हटलं, "आधी कांदा चिरा भाऊजी."

त्यांनी मान हलवली. दोन पावलं गेले, थांबले आणि परत आले.

"कांदे," त्यांनी विचारलं, "साधारणतः कुठे असतात?"